बोगद्याच्या खोदाईतील पंख्यांची निवड : एका रूढ पद्धतीची समीक्षा

खानदेशाच्या दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे आणि उत्तरेस सातपुडा. या दोहोंमधील तापी, गिरणा व पांझरा यांच्या सपाट खोऱ्यातून दक्षिणेस किंवा उत्तरेस निघालेल्या वाटेला कोठे ना कोठे डोंगर ओलांडावाच लागतो. आजवर या वाटा डोंगराच्या अंगावरून गेल्या. यापुढे त्या डोंगराच्या पोटातून नेण्याचा विचार बळावला आहे. चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधील औट्रम घाटात बोगदा काढावा, हा प्रस्ताव दीर्घकाळ चर्चेत असून त्याची आखणी व लांबी एकाहून अधिक वेळा बदलली आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली, पुढे २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाट बंद झाला, आणि त्या प्रस्तावास नवी निकड प्राप्त झाली. १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये, तर मनमाड-इंदूर लोहमार्गास सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. पहिल्याला अजिंठ्याची रांग ओलांडायची आहे, दुसऱ्याला सातपुडा. तात्पर्य, धुळे व जळगाव येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना बोगदा हा विषय यापुढे केवळ परीक्षेपुरता राहील असे दिसत नाही.

या प्रकल्पांविषयी जी चर्चा होते ती खर्चाची, लांबीची, वनजमिनीची आणि वाचणाऱ्या वेळेची असते. खोदाई चालू असताना आत राबणारी माणसे श्वास कशाने घेणार, हा प्रश्न त्या चर्चेत सहसा येत नाही. निविदेच्या कागदपत्रांत त्याला बहुधा एका वाक्याची जागा मिळते : कंत्राटदाराने पुरेशा वायुवीजनाची व्यवस्था करावी. ‘पुरेसे’ म्हणजे किती, कोठे मोजलेले, आणि कोणत्या महिन्यातले, हे ते वाक्य सांगत नाही. या संदिग्धतेतूनच पंखे निवडण्याची एक रूढ पद्धत निर्माण झाली आहे. मागील कामावर जो पंखा होता तोच पुढील कामावर आणावा. बोगदा अधिक लांब असल्यास अश्वशक्तीचा आकडा एक पायरी वाढवावा. आणि कोणी विचारलेच तर नियमातील किमान प्रमाणाकडे बोट दाखवावे. प्रस्तुत समीक्षेचा विषय ही पद्धत आहे. पुऱ्या झालेल्या बोगद्यात वाहनांसाठी जे कायमचे पंखे छताला बसवितात त्यांचा प्रश्न निराळा असून तो येथे अभिप्रेत नाही. येथे विचार आहे तो एकाच बाजूने उघड्या असलेल्या, रोज काही मीटर पुढे सरकणाऱ्या, सुरुंगाच्या धुराने भरणाऱ्या अपुऱ्या बोगद्याचा.

प्रथम नियमाकडे पाहणे इष्ट होईल. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या कायद्याखाली १९९८ साली जे केंद्रीय नियम झाले, त्यांत बोगद्याच्या कामासाठी दोन प्रमाणे दिलेली होती. आत असलेल्या प्रत्येक कामगारामागे मिनिटास किमान ६ घनमीटर ताजी हवा मिळावी, आणि बोगद्यातील हवेची गती मिनिटास किमान ९ मीटर असावी. अमेरिकेतील नियमांत हेच प्रमाण माणशी २०० घनफूट आणि मिनिटास ३० फूट असे आढळते. घनफुटांचे घनमीटर व फुटांचे मीटर केल्यास दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात, आणि हे साम्य योगायोगाचे नसावे. उसने घेण्यात गैर काही नाही. परंतु अमेरिकेतील नियमांत हे आकडे एका मोठ्या चौकटीचा भाग आहेत. भूमिगत डिझेल यंत्रांच्या मान्यतेचा विचार तेथे स्वतंत्रपणे केलेला आहे. आकडे उचलले गेले आणि चौकट मागे राहिली, की किमान मर्यादेलाच हळूहळू आराखड्याच्या आधाराचे स्थान प्राप्त होते.

याचा परिणाम काय होतो हे एका हिशोबाने स्पष्ट होईल. उदाहरणादाखल अजिंठ्याच्या रांगेत दोन्ही मुखांकडून खोदला जाणारा एक रस्त्याचा बोगदा घेऊ. त्याचा छेद ८० चौरस मीटर आणि एका मुखापासून खोदाईच्या आघाडीपर्यंतचे सर्वांत मोठे अंतर अडीच किलोमीटर असे धरू. (हे आकडे कोणत्याही मंजूर आराखड्यातील नव्हेत, केवळ हिशोबासाठी घेतले आहेत. याच डोंगरांच्या पायथ्याशी पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख आहे, तेव्हा या परिसरात त्रैराशिक मांडण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.) आत एका पाळीत ४० माणसे असतील तर पहिल्या प्रमाणानुसार मिनिटास २४० घनमीटर, म्हणजे सेकंदास ४ घनमीटर हवा पुरते. दुसऱ्या प्रमाणानुसार, ८० चौरस मीटरच्या छेदात मिनिटास ९ मीटर गती राखण्यासाठी सेकंदास १२ घनमीटर हवा लागते. आता आघाडीवर फुटलेला खडक उचलणारे २०० किलोवॅटचे एक यंत्र आणि तो वाहून नेणारे प्रत्येकी २५० किलोवॅटचे दोन डंपर एकाच वेळी चालू आहेत असे समजा. डिझेलच्या दर किलोवॅटमागे मिनिटास सुमारे ४ घनमीटर हवा द्यावी, अशी प्रथा बोगदेकामात पुढारलेल्या देशांत रूढ आहे. त्या हिशोबाने ७०० किलोवॅटला मिनिटास २,८०० घनमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे ४७ घनमीटर हवा पाहिजे.

चार, बारा आणि सत्तेचाळीस. तिन्ही आकडे एकाच बोगद्याचे आहेत. माणसे मोजणारा नियम पाळला तर चार, गती मोजणारा पाळला तर बारा, आणि यंत्रे मोजली तर सत्तेचाळीस. ज्या काळात खडक माणसे फोडीत आणि खेचरे किंवा ढकलगाड्या तो बाहेर काढीत, त्या काळात माणसे मोजणे हेच शहाणपणाचे होते. आज आत चाळीस माणसे असतात आणि त्यांच्या शेजारी जवळपास साडेनऊशे अश्वशक्तीचे धूर ओकणारे धूड असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या वर्गात केला. १९९८ च्या नियमांत बोगद्यासारख्या जागी कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दशलक्षात ५० भागांच्या आत राखण्याचीही अट होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. ती अट शहाणपणाची आहे, कारण ती साधनाची नसून परिणामाची आहे. परंतु डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा सर्वांत त्रासदायक घटक नव्हे. नायट्रोजन डायॉक्साइड आणि सूक्ष्म काजळी यांचा धोका त्याहून मोठा आहे. जी गोष्ट मोजली जाते ती आटोक्यात आणि जी मोजली जात नाही ती छातीत, असा प्रकार त्यामुळे संभवतो.

सुरुंगाच्या धुराचा हिशोब याहूनही बोलका आहे. नळीतून ताजी हवा आघाडीवर सोडली, की ती स्फोटाचा धूर मागे ढकलते आणि तो संपूर्ण बोगद्यातून संथपणे मुखाकडे सरकतो. मिनिटास ९ मीटर या किमान गतीने अडीच किलोमीटर अंतर काटण्यास धुराला सुमारे ४ तास ३८ मिनिटे लागतील. सेकंदास ४७ घनमीटर हवा दिल्यास तेच अंतर सुमारे ७१ मिनिटांत पार पडेल. नळीच्या गळतीमुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडेफार बदलतात, पण त्यांच्यातील प्रमाण बदलत नाही. साडेचार तास काम थांबवून कोणीही बसत नाही. आघाडीजवळची हवा दिसायला निवळली की पुढची तुकडी आत पाठविली जाते, आणि ती तुकडी मागे सरकत असलेल्या धुराच्या पट्ट्याला ओलांडूनच आत जाते. नियमाच्या भाषेत त्या बोगद्यात वायुवीजन पुरेसेच असते.

हवेची गरज ठरली म्हणजे पंखा ठरला, अशी समजूत असते. ती रूढ पद्धतीतील दुसरी आणि अधिक महाग पडणारी चूक होय. पंख्याला हवा उचलावी लागते ती नळीच्या घर्षणाविरुद्ध. हे घर्षण हवेच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढते, आणि ठराविक हवेसाठी नळीच्या व्यासाच्या पाचव्या घाताने कमी होते. पाचवा घात ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते, कामावर मात्र ती पदोपदी भेटते. वरील उदाहरणात २ मीटर व्यासाची चांगल्या स्थितीतील कापडी नळी वापरली, तिच्या घर्षणाचा गुणांक ०.०१८ आणि हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर ४७ घनमीटर हवा अडीच किलोमीटर नेण्यास सुमारे ३,००० पास्कल दाब लागतो. पंख्याची कार्यक्षमता ७५ टक्के धरता हे काम सुमारे १९० किलोवॅटचे होते. आता व्यास फक्त ४० सेंटिमीटरने कमी करून १.६ मीटर केला, तर दाब तिपटीहून अधिक, म्हणजे सुमारे ९,२०० पास्कल होतो आणि शक्ती सुमारे ५८० किलोवॅट लागते. फरक जवळजवळ ३९० किलोवॅटचा. वर्षात ६,००० तास पंखा चालला आणि विजेचा दर युनिटला ८ रुपये मानला, तर अरुंद नळीची किंमत दरवर्षी पावणेदोन कोटी रुपयांहून अधिक भरावी लागते.

प्रत्यक्षात ती कोणी भरीत नाही. एवढा दाब सामान्य कापडी नळीच्या शिवणी सहनही करीत नाहीत. प्रत्यक्षात १९० किलोवॅटचाच पंखा अरुंद नळीला जोडला जातो, आणि कार्यक्षमता तीच राहिली असे मानले तरी आघाडीवर ४७ ऐवजी ३२ घनमीटर हवा पोहोचते. पंख्याचा आवाज तोच असतो, विजेचे बिलही तेच येते. हरवलेले १५ घनमीटर कोणाच्याही वहीत उतरत नाहीत.

मग अरुंद नळी का घेतली जाते? तिची किंमत कमी असते हे एक कारण, पण ते गौण आहे. खरे कारण जागेचे आहे. नळी छताला टांगलेली असते आणि तिच्याखालून मालाने भरलेला डंपर जावा लागतो. दोन मीटरच्या नळीला जागा सोडली नसेल, तर पहिल्याच आठवड्यात एखादी हौद्याची कड तिला फाडते, आणि फाटलेली नळी शिवीत बसण्यापेक्षा लहान नळी लावणे सोयीचे वाटते. म्हणजे पंख्याचे भवितव्य पंखा खरेदी होण्याच्या पुष्कळ आधी, बोगद्याचा छेद कागदावर काढला जातो त्या दिवशी ठरलेले असते. छेद काढणारा अभियंता सामान्यतः पंख्याचा विचार करीत नाही. तो कंत्राटदाराचा प्रश्न आहे असे तो समजतो. कंत्राटदाराच्या हाती छेद येतो तो पक्का झालेला. दोघांच्या मधल्या या मोकळ्या जागेत आघाडीवरचा माणूस सापडतो.

गळतीचे प्रकरणही याला जोडूनच आहे. नळीच्या प्रत्येक सांध्यातून व प्रत्येक भोकातून हवा निसटते, आणि आतला दाब जितका अधिक तितकी अधिक निसटते. वाटेत ३० टक्के हवा गळत असेल, तर आघाडीवर ४७ घनमीटर मिळण्यासाठी मुखाशी ६७ घनमीटर आत लोटावी लागते. अरुंद नळीत दाब मोठा, म्हणून गळतीही मोठी. गळती मोठी म्हणून पंखा मोठा. पंखा मोठा म्हणून दाब आणखी मोठा. हे चक्र अश्वशक्ती वाढवून तुटत नाही. सुई, दोरा, ठिगळ आणि ते लावण्यासाठी नेमलेली दोन माणसे यांनीच ते तुटते. मोठ्या पंख्याच्या खरेदीला मंजुरी मिळते आणि या दोन माणसांच्या पगाराला मिळत नाही, हा अनुभव बोगदेकामातील जाणत्यांना अपरिचित नसावा.

येथवरचे विवेचन कोणत्याही प्रदेशाला लागू पडेल. खानदेशाचा म्हणून एक वेगळा प्रश्न आहे, आणि तो उन्हाचा. मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळे येथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या हवेवर चालणारा पंखा आणि यादीत छापलेला पंखा हे एक नव्हेत. उत्पादकांची कोष्टके साधारणतः २० अंश तापमानाच्या व समुद्रसपाटीच्या, घनमीटरला १.२ किलोग्रॅम घनतेच्या हवेसाठी असतात. सुमारे ४०० मीटर उंचीवर व ४५ अंश तापमानात घनता १.०६ च्या आसपास, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरते. यावरून पुष्कळांचा असा ग्रह होतो की उन्हाळ्यात पंखा १२ टक्के हवा कमी देईल, सबब तेवढा मोठा घ्यावा. हा ग्रह चुकीचा आहे. हवा विरळ झाली की पंख्याचा दाब जितका घटतो तितकेच नळीचे घर्षणही घटते. परिणामी घनमीटर पूर्वीइतकेच राहतात. घटते ते हवेचे वजन, आणि वजनाबरोबर तिची उष्णता वाहून नेण्याची शक्ती. शिवाय विजेची मोटर सर्वसाधारणपणे ४० अंशांच्या भोवतालासाठी बनविलेली असते. त्यापुढे तिच्यावर पूर्ण भार टाकता येत नाही. म्हणजे उन्हाळ्यासाठी तरतूद हवीच, पण ती पंख्याच्या पात्यात नव्हे, तर मोटरीच्या क्षमतेत आणि हवेच्या तापमानाच्या हिशोबात.

तापमानाचा हा हिशोब सहसा कोणी मांडीत नाही, म्हणून तो येथे सविस्तर देणे योग्य ठरेल. पंख्याला दिलेली शक्ती अखेरीस हवेतच उष्णतेच्या रूपाने उतरते. रुंद नळीच्या उदाहरणात हवा पंख्यातून जाताना सुमारे ३.४ अंशांनी तापते. अरुंद नळीतून तेवढीच हवा न्यायची म्हटल्यास ती सुमारे १० अंशांनी तापेल. मुखाबाहेर ४५ अंश असतील, तर पहिल्या पंख्यातून साडेअठ्ठेचाळीस अंशांची आणि दुसऱ्यातून पंचावन्न अंशांची हवा निघेल. वाटेत नळीच्या भिंतीतून काही उष्णता बाहेर जाते आणि उन्हाळ्यातील बाहेरच्या हवेपेक्षा डोंगरातील खडक थंड असल्यामुळे थोडा दिलासाही मिळतो. तथापि आघाडीवर डिझेलची उष्णता आणि खडक भिजविण्याच्या पाण्याची वाफ तिच्यात मिसळते. दमट उष्म्यात घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराला थंड होण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. ज्या प्रदेशात दुपारी शेतातील माणूसही झाडाखाली येतो, त्या प्रदेशात कमी व्यासाची नळी निवडणे म्हणजे भट्टीला भाता जोडण्यासारखे आहे. पंखा मुखापासून दूर सावलीत बसविणे, भर दुपारचा सुरुंग टाळून पाळीच्या वेळा बदलणे, आणि जमल्यास खडक उचलण्यासाठी डिझेलऐवजी विजेची यंत्रे वापरणे, हे उपाय पंख्याच्या यादीत सापडणार नाहीत. पण पंख्याच्या निवडीचा तो खरा आरंभ आहे. डिझेलचे ७०० किलोवॅट निम्मे झाले तर सत्तेचाळिसाचे साडेतेवीस होतात, आणि त्याच नळीत निम्म्या हवेला शक्ती एक-अष्टमांश लागते.

पंख्याच्या प्रकाराविषयी मतभेदास फारशी जागा नाही. मोठी हवा व मध्यम दाब यांसाठी अक्षीय पंखा, म्हणजे ज्यात हवा आसाच्या दिशेनेच सरळ जाते तो, सोयीचा ठरतो, आणि बोगद्यात तोच बहुतेक वापरतात. त्याच्यात एक खोड आहे : प्रतिकार एका मर्यादेपलीकडे वाढला की पात्यांवरील हवेचा प्रवाह तुटतो, पंखा हादरू लागतो आणि हवा एकदम पडते. बोगदा लांबत जातो तसा प्रतिकार वाढतो, म्हणून अडीच किलोमीटरला योग्य असा पंखा पहिल्याच दिवशी आणून पूर्ण वेगाने चालविणे आणि तीनशे मीटरचा पंखा शेवटपर्यंत ओढीत नेणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अप्रशस्त होत. टप्प्याटप्प्याने एकामागे एक पंखे जोडणे, पात्यांचा कोन बदलता येणे, आणि वेग विजेच्या वारंवारतेने कमीजास्त करता येणे, या तीन सोयी खरेदीच्या वेळीच मागून घ्याव्या लागतात. बोगद्याच्या आत मध्येच दुसरा पंखा जोडला तर त्याच्या मागील कापडी नळी शोषली जाऊन चपटी होते, आणि तेथील फटींतून बोगद्यातलीच घाण हवा पुन्हा आघाडीवर जाते. तेव्हा तो मोह टाळलेला बरा.

हा प्रश्न नवा नाही. स्वित्झर्लंडमधील गॉटहार्डचा लोहमार्गाचा बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खोदला गेला, तेव्हा खडक फोडणाऱ्या यंत्रांना पुरविलेली दाबलेली हवा वापरून झाली की तीच माणसांना पुरेल असा हिशोब होता. हवा पुरली नाही. अधिकृत नोंदीप्रमाणे सुमारे दोनशे माणसे मेली, आणि घाणीत पसरलेल्या अंकुशकृमीने कितीतरी खंगली, ती निराळीच. कंत्राटदार लुई फाव्र हा स्वतःही १८७९ साली बोगद्यातच मरण पावला. पुढे १८९८ मध्ये सुरू झालेल्या सिम्प्लॉनच्या कामात मुख्य बोगद्याला समांतर अशी दुसरी लहान वाट १७ मीटर अंतरावर खोदीत नेली आणि ठराविक अंतराने दोहोंना आडव्या वाटांनी जोडले. पंख्यांनी एकीतून ताजी हवा आत लोटली आणि दुसरीतून ती बाहेर आली. खडक गॉटहार्डपेक्षा कितीतरी तप्त असूनही मृत्यूंची संख्या पुष्कळ कमी राहिली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की सिम्प्लॉनच्या अभियंत्यांनी मोठा पंखा निवडला नाही. त्यांनी नळीच एवढी मोठी केली की माणूस तिच्यातून चालत जाऊ शके. समृद्धी महामार्गावरील इगतपुरीजवळचा, ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झालेला सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा पाहिला तर दोन समांतर नळ्यांची रचना आता आपल्याकडेही रूढ झाल्याचे दिसते. अशा रचनेत खोदाईच्या काळातच आडव्या वाटा लवकर फोडून एका नळीला हवेच्या येण्याची व दुसरीला जाण्याची वाट करता येते. ते करायचे की नाही, हे मात्र खोदाईचा क्रम ठरविताना ठरते, पंखा घेताना नव्हे.

दख्खनच्या काळ्या पाषाणाविषयी एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा ऐकू येतो. बेसॉल्टमध्ये मुक्त सिलिका फारशी नसते, त्यामुळे आपल्याकडील धूळ निरुपद्रवी, असे म्हटले जाते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट येथे १९३०-३१ मध्ये जवळपास शुद्ध गारेच्या खडकातून बोगदा काढताना शेकडो मजूर सिलिकोसिसने दगावले. तशी स्थिती येथे नाही हे खरे. परंतु अजिंठ्याचा खडक एकजिनसी नाही. त्याच्या पोकळ्या झिओलाइटप्रमाणेच गारेने व अकीकाने भरलेल्या आढळतात. अजिंठ्याच्या डोंगरातून आणलेले असे स्फटिक संग्राहकांच्या कपाटांत असतातच. दोन थरांमध्ये लाल मातीचे पट्टे लागतात आणि ते कोरडे असता बारीक भुकटी होऊन उडतात. त्याशिवाय भिंतीवर फवारलेल्या काँक्रीटच्या धुळीला खडकाची जात विचारण्याचे कारणच नाही. एकूण हा युक्तिवाद भूशास्त्राचा असल्याचा आव आणतो; वस्तुतः तो खर्चाचा आहे.

औट्रम घाटात आणखी एक अडचण उभी राहील. ज्या जेम्स औट्रमच्या नावाने हा घाट ओळखला जातो त्याने १८२५ मध्ये धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला. आज त्याच्या नावाचा उच्चार होतो तो १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यामुळे. अभयारण्याच्या कडेला रात्रंदिवस चालणारा कित्येक शे किलोवॅटचा पंखा म्हणजे ध्वनीचा एक अखंड लोळ होय. त्याला आवाज शोषणारी पेटी जोडावी लागेल, आणि ती पेटीही हवेला अडथळा करते. तो अडथळा दाबाच्या हिशोबात आधीच धरला नाही, तर एखाद्या रात्री हवा वाढविण्याच्या निमित्ताने पेटी काढून ठेवली जाईल. वन्यप्राण्यांचा प्रश्न आणि कामगारांचा प्रश्न असे दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची पाळी नियोजनाच्या आळसाने येते. दोहोंना पुरणारा दाब प्रथमच मागितला तर ती येत नाही.

निविदेतील ते एक वाक्य बदलावयाचे झाल्यास काय लिहावे, हा प्रश्न उरतो. किलोवॅट लिहू नयेत, पंख्यांची संख्याही लिहू नये. नळीच्या आघाडीकडील टोकाशी सेकंदास किती घनमीटर हवा मिळाली पाहिजे ते लिहावे, आणि मे महिन्यात तेथील ओल्या फडक्याच्या तापमापकाचा पारा कितीच्या वर जाऊ नये तेही लिहावे. छेदाच्या आकृतीत नळीचे वर्तुळ, तिच्याखालच्या डंपरच्या उंचीसह, काढून दाखवावे. वायुवीजनाचा मोबदला खोदाईच्या घनमीटरच्या दरात मिसळून टाकण्याची रीत सोडून तो वेगळ्या बाबीखाली, आघाडीवर मोजलेल्या हवेनुसार द्यावा. हवा कमी भरली तर त्या दिवसाचा तेवढा मोबदला कापावा. मिसळलेल्या दरात नळीचे प्रत्येक ठिगळ हा कंत्राटदाराचा तोटा असतो, वेगळ्या दरात तो त्याचा नफा होतो. मोजमापास लागणारे वायुमापक यंत्र हातात मावणारे असून त्याची किंमत एका सुरुंगाच्या खर्चापुढे नगण्य आहे. मात्र वाचन नळीच्या टोकाशी, डंपर चालू असताना आणि नळी शिवण्याच्या आधी घ्यावे लागेल. मुखाशी, पंख्याच्या तोंडावर घेतलेला आकडा नेहमीच समाधानकारक असतो.